पांढरी पुरली, रंग संपले

२५ जानेवारीची दुपार. शाळेच्या पटांगणात आठवीच्या आठ मुली बारा फुटी रांगोळी भरायला बसल्या होत्या. चारच्या सुमाराला त्यातली एक धावत आली. "बाई, रंग संपले! पण थोडंच राहिलंय. एक किलो आणला की होऊन जाईल."

मी जाऊन पाहिलं. मधून बाहेर अशी भरत आलेली सुरेख रांगोळी, आणि कडेला जेमतेम पावणेदोन फुटांचा पट्टा कोरा. कुणालाही वाटावं, झालीच की! पण त्या पट्ट्याला एक किलो नव्हे, आणखी सहा किलो रंग लागणार होता. जेवढं भरून झालं होतं तेवढंच भरायचं राहिलं होतं.

तेवढ्यात माझं लक्ष पांढऱ्या रांगोळीच्या पिशवीकडे गेलं. बाहेरचं वर्तुळ, पाकळ्यांच्या कडा, वेलींची वळणं, सगळ्या रेषा काढून झाल्या होत्या आणि पिशवीच्या तळाशी चिमूट-दोन चिमूट पांढरी उरलीही होती. पांढरी पुरली, रंग संपले. दोन्हींचा हिशेब एकाच मुलीनं, एकाच वहीत, एकाच रीतीनं केला होता. एक बरोबर आला, दुसरा निम्म्यानं चुकला. त्या दोन पिशव्यांनी मला प्रमाण शिकवण्याबद्दल जे दाखवलं, ते सविस्तर लिहावंसं वाटलं.

हिशेब असा झाला होता. गेल्या वर्षीची रांगोळी सहा फूट व्यासाची होती. तिला पांढरी अर्धा किलो आणि रंग तीन किलो लागले होते. यंदा नक्षी तीच ठेवायची आणि व्यास १२ फूट करायचा, असं मुलींनी ठरवलं. सामानाची यादी करायचं काम मी वर्गातल्या एका हुशार मुलीकडे दिलं. तिनं वहीत लिहिलं:

६ फुटांना रंग ३ किलो, तर १२ फुटांना १२ × ३ ÷ ६ = ६ किलो.
६ फुटांना पांढरी अर्धा किलो, तर १२ फुटांना १ किलो.

मांडणी स्वच्छ, अक्षर नेटकं. मी वही पाहिली, मान डोलावली आणि यादीवर सही केली. चूक तिच्या एकटीची नव्हती, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माझ्या नजरेलाही त्या दोन ओळींत काही खटकलं नव्हतं.

या मुलीला प्रमाण कळत नव्हतं असंही नाही. दोनच दिवस आधी आम्ही झेंड्याच्या खांबाची उंची काढली होती. खांबाची जुनी दोरी विरली होती, नवी किती आणायची हा प्रश्न होता. खांबावर कुणी चढायचं नाही, सावलीवरून उंची काढायची असं ठरलं. एक मीटरची सरळ काठी जमिनीत ओळंब्यानं उभी केली. काठी आणि तिची सावली यांचा एक काटकोन त्रिकोण, खांब आणि त्याची सावली यांचा दुसरा. सूर्याचे किरण दोन्हीकडे एकाच कोनात येतात, म्हणून दोन्ही त्रिकोण समरूप. लहान त्रिकोणात उंचीचं आणि सावलीचं जे गुणोत्तर, तेच मोठ्यात.

एका गटानं काठीची सावली अकरा वाजता मोजली. ती साधारण १ मीटर भरली, जवळजवळ काठीएवढीच. मग मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं पांगली, आणि खांबाची सावली त्यांनी बारा वाजता मोजली. ती ४.८ मीटर आली. त्यांचं उत्तर तयार होतं: "काठीएवढी काठीची सावली, म्हणजे खांबाएवढी खांबाची. खांब ४.८ मीटर."

हीच मुलगी तेव्हा म्हणाली, "अरे, पण तासाभरात ऊन सरकलं ना! काठी आत्ता परत मोजा." मोजली. बारा वाजता काठीची सावली ८० सेंटिमीटर. मग ८० ला १००, तर ४८० ला किती? ६०० सेंटिमीटर. खांब ६ मीटरचा. जवळजवळ सव्वा मीटरची चूक तिनं एका वाक्यात पकडली होती.

त्या दिवशी आणखी एक गंमत झाली. एकानं विचारलं, "बाई, बारा वाजले तरी सावली अजून आखूडच होत चाललीय. बाराला तर सूर्य सगळ्यात वर असतो ना?" त्याचं उत्तरही प्रमाणातच आहे. आपलं घड्याळ ८२.५° पूर्व रेखांशाचं, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेचं. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, ७४° पूर्व रेखांशाच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, तर साडेआठ अंशांना ३४ मिनिटं. शिवाय जानेवारीअखेर सूर्य घड्याळाच्या आणखी बाराएक मिनिटं मागे असतो. म्हणून आमच्याकडे त्या दिवसांत खरी मध्यान्ह होते पाऊण वाजता. मुलांनी पाऊण वाजेपर्यंत उन्हात उभं राहून ते तपासलं, डबे तसेच ठेवून.

दोरीचा हिशेब मात्र नुसत्या दुपटीवर सुटत नाही. दोरी वर जाऊन खाली येते, म्हणून दोनदा ६ मीटर, आणि गाठी मारायला, खुंटीला गुंडाळायला एक मीटर जास्तीची. १३ मीटर. खांब दुप्पट उंच असता तर दोरी २६ नव्हे, २५ मीटर लागली असती, कारण गाठींना लागणारी दोरी खांबाबरोबर वाढत नाही. हेही त्या मुलीनंच सांगितलं.

मग दोनच दिवसांत असं काय झालं, की तिनं रंगाच्या ओळीत काहीही न तपासता दुप्पट करून टाकलं?

रांगोळीच्या कडेला बसून मी तिला विचारलं, "अगं, रंग सहा किलो कसे काढलेस, मला सांग बरं." ती रडवेली झाली होती, पण बोलली. "बाई, रांगोळी दुप्पट केली, म्हणून रंग दुप्पट."

"रांगोळी दुप्पट केली म्हणजे काय दुप्पट केलंस?"

ती थांबली. "सुतळी," म्हणाली. गेल्या वर्षी खिळ्याला तीन फुटांची सुतळी बांधून वर्तुळ काढलं होतं, यंदा सहा फुटांची. तिच्या हातानं दुप्पट झालेली गोष्ट खरोखर तेवढी एकच होती. पण बोलताना आपण सगळे 'रांगोळी दुप्पट' म्हणतो. खोली दुप्पट, शेत दुप्पट, घर दुप्पट. लांबी दुप्पट की क्षेत्रफळ दुप्पट, हे आपलं रोजचं बोलणं सांगतच नाही. तिनं नेमकी तीच संदिग्धता वहीत उतरवली होती.

मी तिला म्हटलं, पांढरीचं आधी बघू. पांढरी कशाला लागते? रेषांना. चिमटीतून पडणारी रेष गेल्या वर्षी जेवढी जाड तेवढीच यंदाही. नक्षी तीच, म्हणून गेल्या वर्षीची प्रत्येक वीतभर रेष यंदा दोन विती झाली. बाहेरचं वर्तुळ घे: परिघ व्यासाच्या २२/७ पट, व्यास दुप्पट झाला की परिघही दुप्पट. पाकळीची कड दुप्पट, वेलीचं वळण दुप्पट. सगळ्या रेषांची एकूण लांबी दुप्पट, पांढरीही दुप्पट. एक किलो अगदी बरोबर.

आता रंग. रंग चाळणीनं पसरतो, त्याचा थरही गेल्या वर्षीएवढाच. मी रांगोळीपासून जरा लांब, मातीत काडीनं एक चौकोन काढला, वीतभर लांब आणि वीतभर रुंद. "समज, गेल्या वर्षीच्या रांगोळीतला हा एक तुकडा. यंदा तो केवढा झाला?" तिनं काडी घेतली, लांबी दोन विती केली, मग रुंदी दोन विती केली. नव्या चौकोनात जुना चौकोन किती वेळा बसतो ते दाखवायला मधे एक आडवी आणि एक उभी रेघ मारली. चार घरं. ती तशीच उकिडवी बसून त्या चार घरांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे बारा किलो लागतात."

वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र तिला पाठ होतं. पण त्या घटकेला त्याची गरजच पडली नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. रांगोळी गोल असो, चौकोनी असो, मोराच्या आकाराची असो. तिचे बारीक बारीक चौकोन कल्पावेत, प्रत्येक चौकोनाचे चार होतात, म्हणून सगळ्या आकृतीचं क्षेत्रफळ चौपट. आकार कोणता यानं फरक पडत नाही.

सूत्रानं पडताळा करायचाच तर: ३ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस फूट, ६ फूट त्रिज्येचं सुमारे ११३.१. एकाला तीन किलो, तर दुसऱ्याला बारा.

तो 'थोडासा' राहिलेला पट्टाही आम्ही लगेच मोजून घेतला. सहा किलो रंगात निम्मं क्षेत्रफळ भरलं होतं. निम्म्या क्षेत्रफळाच्या वर्तुळाची त्रिज्या सहाच्या निम्मी, म्हणजे तीन फूट नसते. सहाला दोनच्या वर्गमुळानं भागायचं, साधारण ४ फूट ३ इंच. टेप लावला तर भरलेला भाग सव्वाचार फुटांच्या आसपासच संपत होता. उरला पट्टा १ फूट ९ इंचांचा. डोळा पट्ट्याची रुंदी पाहतो आणि 'थोडंच राहिलंय' म्हणतो, पण तो पट्टा सगळ्या वर्तुळाला वेढून गेलेला असतो. दहा एकराच्या शेताच्या कडेनं बांधालगत सोडलेली जागा मोजली की शेतकरी का हळहळतो, ते यातच आहे.

संध्याकाळी गावातल्या दुकानात होते तेवढे रंग आणले, त्यात चाळलेली बारीक वाळू मिसळली आणि पट्टा जरा विरळ भरला. आठ वाजता रांगोळी पूर्ण झाली. मुलींचं वेळेचं गणितही असंच फसलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. गेल्या वर्षी चार जणींनी दोन तासांत रंग भरले होते. यंदा रांगोळी दुप्पट म्हणून आठ जणी बसल्या, तेव्हा दोन तासच लागतील असा त्यांचा अंदाज. काम चौपट, हात दुप्पट, म्हणून वेळ दुप्पट व्हायला हवी होती.

रात्री घरी आल्यावर मी तिच्या त्या दोन ओळींचा पुन्हा विचार केला. आपल्या जुन्या गणितात याला त्रैराशिक म्हणतात. आमच्या आजोबांच्या पिढीला हा शब्द तोंडपाठ होता. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत त्याची रीत आहे: प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी माहीत, चौथी काढायची. त्यांचं एक उदाहरण केशराचं आहे. ३/७ निष्काला (निष्क हे तेव्हाचं नाणं) अडीच पल (पल हे वजनाचं माप) केशर मिळतं, तर ९ निष्कांना किती? फलाला इच्छेनं गुणायचं, प्रमाणानं भागायचं, साडेबावन्न पल. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या हव्यात, पैसे तर पैसे, केशर तर केशर, अशी अट त्यांनी घातली आहे. पुढे त्यांनी व्यस्त त्रैराशिक वेगळं सांगितलं आहे: जिथे इच्छा वाढली की फल घटतं, तिथे ही दुसरी रीत. म्हणजे राशी एकमेकींशी कशा वागतात हे आधी ओळखायचं आणि मग रीत लावायची.

त्या नजरेनं पाहिलं तर मुलीचं त्रैराशिक चुकलंच नव्हतं. चुकली होती राशी. रंगासाठी प्रमाणराशी फूट नाही, चौरस फूट आहे. व्यास घ्यायचा नाही, व्यासाचा वर्ग घ्यायचा: ३६ ला ३, तर १४४ ला किती? १४४ × ३ ÷ ३६ = १२. रीत तीच, वही तीच, फक्त पहिल्या ओळीतलं एकक बदललं. दहावीत समरूपतेच्या प्रकरणात प्रमेय येतं, की दोन समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर त्यांच्या संगत भुजांच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत सिद्ध करतात. त्याची पटांगणातली सिद्धता माझ्या मुलींना दोन वर्षं आधीच मिळाली, पण किंमत मोजून.

सावलीच्या वेळी तिला अट सुचली आणि रंगाच्या वेळी सुचली नाही. याचं कारण माझ्या शिकवण्यात होतं. सातवीत आपण 'समप्रमाण व व्यस्तप्रमाण' शिकवतो. त्या धड्याखाली जी उदाहरणं असतात त्यांत प्रमाण असतंच. वह्यांची किंमत, मजुरांचे दिवस, गाडीचा वेग. मुलानं फक्त 'सम की व्यस्त' एवढं ठरवायचं. 'इथे प्रमाण आहे तरी का, आणि असलं तर कशाशी' हा प्रश्न त्याला कुणी विचारतच नाही, कारण धड्याच्या नावातच उत्तर दिलेलं असतं. मी जादा उदाहरणं फळ्यावर घालायचे तीही त्याच जातीची. खांबाजवळ सूर्य डोळ्यांदेखत सरकत होता, म्हणून ती सावध झाली. वहीत काहीच सरकत नव्हतं.

२६ तारखेनंतर मी चार तास यासाठीच ठेवले. पहिल्या तासाला आलेखकागदावर ६ सेंमी आणि १२ सेंमी व्यासाची वर्तुळं काढून घेतली आणि घरं मोजायला लावली. निम्म्याहून जास्त भरलेलं घर धरायचं, कमी भरलेलं सोडायचं. लहान वर्तुळात अठ्ठावीसच्या आसपास घरं आली, मोठ्यात कुणाची एकशे अकरा, कुणाची एकशे चौदा. छप्पन कुणाचीच नाहीत. हा तास मला सगळ्यात मोलाचा वाटला. हाताला आलेला आकडा मूल विसरत नाही.

मग सरमिसळ उदाहरणं, वर कोणतंही शीर्षक न लिहिता. रिक्षाचं भाडं: पहिल्या दीड किलोमीटरला ठरलेलं किमान भाडं असतं, मग चार किलोमीटरचं भाडं दोन किलोमीटरच्या दुप्पट होईल का? दोरीवर एक शर्ट वाळायला दोन तास लागतात, तर पाच शर्टांना किती? (इथे तीन जणांनी दहा तास सांगितले आणि मग सगळा वर्ग हसला, ते तिघंही.) तारेचं कुंपण आणि शेणखत: चौरस वाफ्याची बाजू तिप्पट केली तर तार किती पट, खत किती पट? तार तिप्पट, खत नऊपट. रव्याचा लाडू: व्यास दुप्पट केला तर रवा किती पट? हे आठवीला जड जाईल असं वाटलं होतं, पण चार घरं मातीत काढणारी ती मुलगीच म्हणाली, "बाई, लाडू वरही वाढतो. चार गुणिले दोन, आठ."

प्रत्येक उदाहरणाला हात घालण्याआधी एकच गोष्ट करायची असं ठरवलं: आकडे बाजूला ठेवून विचारायचं, हे दुप्पट केलं तर ते किती पट होतं, आणि हे अजिबात नसलं तर ते किती उरतं? दुसऱ्या प्रश्नानं रिक्षा आणि दोरी पकडली जातात. शून्य किलोमीटरचं भाडं शून्य नाही, शून्य उंचीच्या खांबालाही गाठीची दोरी उरते. पहिल्या प्रश्नानं रांगोळी आणि लाडू.

फेब्रुवारीत मी एक लहान चाचणी घेतली. त्यातलं शेवटचं उदाहरण: सहा इंची भाकरीला एक मूठ पीठ लागतं, तर नऊ इंची भाकरीला किती मुठी? बऱ्याच मुलांनी अजूनही दीड मूठ लिहिलं होतं. चार तासांत जुनी सवय मोडत नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा घ्यावं लागेल. काहींनी दीडचा वर्ग करून सव्वादोन लिहिलं.

तिनंही सव्वादोन लिहिलं होतं. ३६ ला १, तर ८१ ला ८१ ÷ ३६, अशी पूर्ण मांडणी करून. आणि उत्तराखाली, मी न विचारता, पेन्सिलनं एक ओळ: "जाडी तेवढीच थापली तर. आमची आजी मोठी भाकरी जाड करते, तिला जास्त लागेल."